एकतीस कोण म्हणालं?

१

पहिली गोष्ट, एकतीस मी म्हणालो नाही. हे मी सरांना सांगितलं, आईला सांगितलं, बॅचमधल्या एकोणीस जणांना प्रत्येकी दोनदा सांगितलं. आता शेवटचं सांगतो. यापुढे कोणी विचारलं तर मी त्याच्या अंगावर जाईन.

मंगळवारी दुपारी आमच्या बॅचचं टायट्रेशन होतं. बारावीचं केमिस्ट्री प्रॅक्टिकल म्हणजे नव्वद टक्के टायट्रेशन आणि दहा टक्के हात धुणं. खाली फ्लास्कमध्ये ॲसिड, त्यात फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब. वर ब्युरेटमध्ये, म्हणजे चावीवाल्या उभ्या काचेच्या नळीत, कॉस्टिक सोडा. चावी सोडायची, थेंब थेंब पाडायचे, फ्लास्क हलवत राहायचं. पाण्यासारखं दिसणारं द्रावण अचानक एका थेंबाला फिकट गुलाबी होतं. पण लगेच उड्या मारायच्या नाहीत. गुलाबी रंग तीस सेकंद टिकला तरच रीडिंग धरायचं. नाही टिकला तर अजून एक थेंब.

ते तीस सेकंद मोजायला आमच्या लॅबमध्ये काहीही नाही. मोबाइल दाराबाहेर खोक्यात जमा होतात, हातातली घड्याळंही. भिंतीवरचं घड्याळ ऑफिसवाल्यांनी नेलं, कारण त्यांचं बंद पडलं. म्हणून आम्ही तोंडानं मोजतो. सगळे मिळून, एका सुरात, पहिलीतली पोरं पाढे म्हणतात तसं. सतरा-अठरा वर्षांचे घोडे.

त्या दिवशी सर स्वतः करून दाखवत होते. आम्ही त्यांना बफर म्हणतो. बफर म्हणजे असं द्रावण, ज्यात ॲसिड घाला नाहीतर बेस घाला, ते ढिम्म बदलत नाही. सरांच्या चेहऱ्यावर आजवर कोणाला काही दिसलेलं नाही.

गुलाबी आला. सरांनी फ्लास्क पांढऱ्या टाइलवर ठेवला. आम्ही मोजलं. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. थांबलो.

"एकतीस."

आवाज भयानक असता तर मी समजून घेतलं असतं. आवाज कंटाळलेला होता. रोजचं काम करणाऱ्या माणसाचा असतो तसा.

एकोणीस डोकी माझ्याकडे वळली. विसावं डोकं माझंच होतं, नाहीतर तेही वळलं असतं.

सरांनी फ्लास्क उचलून सिंकमध्ये ओतला. "जर्नल आण," म्हणाले.

"सर, मी नव्हतो."

"मी विचारलं का कोण होतं? जर्नल आण."

२

माझी जुनी प्रकरणं आहेत, हे मान्य. पहिल्या टर्ममध्ये मी सरांच्या नॅपकिनला फिनॉल्फ्थॅलिन लावलं होतं. सरांनी साबणाचे ओले हात पुसले आणि हात गुलाबी झाले. त्याच हातांनी त्यांनी पुढचं लेक्चर घेतलं, फळ्याकडे बोट दाखवून दाखवून. पोरं हसून मेली. सर हसले नाहीत, चिडले नाहीत. त्यांनी फक्त आईला बोलावलं आणि एका हमीपत्रावर सही घेतली. लॅबमध्ये पुन्हा चाळा केला तर जर्नलवर सही नाही. जर्नलवर सही नाही तर बोर्डाच्या प्रॅक्टिकलला बसता येत नाही. प्रॅक्टिकल नाही तर वर्ष गेलं.

प्रॅक्टिकल सोमवारी होतं.

घरी आई शिलाई मशीनवर होती. मी सगळं सांगितलं. तिनं पायानं मशीन चालू ठेवलं.

"मी नव्हतो, आई."

"नॅपकिनच्या वेळेलाही तू नव्हतास."

"तेव्हा होतो! तेव्हा खोटं बोललो होतो. आता खरं बोलतोय."

"फरक कसा ओळखायचा, तेवढं सांग," आई म्हणाली, आणि दोरा दातानं तोडला.

पलंगावर आडवी पडलेली ताई म्हणाली, "कबूल कर ना रे. सॉरी म्हण, सही घे, विषय संपव. तुझं काय जातंय?"

माझं काय जातंय! मी आजवर सतरा चाळे केले आणि त्यातल्या पाचांत सापडलो. बारा फुकट मिळाले, तेव्हा मी तक्रार केली नाही. पण न केलेल्या चाळ्याचं पाप मी घेणार नव्हतो. त्यातून तो चाळा माझ्या चाळ्यांपेक्षा चांगला होता, याचा राग वेगळाच.

रात्रभर दात खाल्ले. बुधवारी अर्धा तास आधी जाऊन लॅबची झडती घेतली. कोणीतरी मोबाइल लपवला असणार. टेबलांखाली पाहिलं, सिंकखाली पाहिलं, ड्रॉवर उपसले, काचेच्या कपाटामागे हात घातला आणि एक मेलेली पाल मिळवली. पाइपला कान लावला. शेजारच्या खोलीत कोण बसतं तेही बघून आलो. तिथे तुटकी बाकं होती आणि दाराला कुलूप.

काहीच मिळालं नाही. म्हणजे ज्यानं केलं तो माझ्यापेक्षा हुशार होता. डोक्यात तिडीक गेली.

३

गुरुवारी पुन्हा प्रॅक्टिकल होतं. मी तोंडाला चिकटपट्टी लावून गेलो.

खाकी, रुंद, खोकी बंद करायची चिकटपट्टी. या कानापासून त्या कानापर्यंत दोन पट्टे. वहीत लिहून नेलं होतं: 'सर, आता बोललो तर सांगा.' सरांनी वाचलं. "हं," म्हणाले. मला पुढे, सगळ्यांच्या समोर उभं केलं आणि माझ्या पार्टनरला टायट्रेशन करायला लावलं.

माझ्या पार्टनरला सगळे टिकटिक म्हणतात. ती मोजते तेव्हा सेकंदाला सेकंद लागतो, इकडे नाही की तिकडे नाही. तिनं चावी सोडली, शेवटी शेवटी थेंब अर्धा अर्धा करून पाडला, आणि असा फिका गुलाबी आणला की सरसुद्धा वाकून बघायला लागले.

सगळ्यांनी मोजलं. मी सोडून. तीस झाले. सगळे थांबले.

फ्लास्क टाइलवर होता. कोणी हात लावला नाही, कारण सगळे माझ्या चिकटपट्टीकडे बघत होते.

"एकतीस."

तोच. कंटाळलेला.

"बत्तीस. तेहेतीस. चौतीस."

मी दोन्ही हात वर केले. तोंडाकडे बोट दाखवलं. नाकानं 'बघा, बघा' असा काहीतरी आवाज केला, जो मी करायला नको होता. तिकडे ते चालूच. एकेका सेकंदाला एकेक. गुलाबी रंग हळूहळू उडत चालला होता. तसा तो उडतोच, हवेतला कार्बन डायऑक्साइड खातो त्याला. शेहेचाळीसला द्रावण पुन्हा पाण्यासारखं झालं आणि आवाज थांबला.

सर माझ्याकडे बघत राहिले. मग वर्गाला म्हणाले, "पोटातून बोलतो. तोंड न हलवता. कला आहे अंगात, अभ्यासात लावली असती तर बरं झालं असतं."

आणि टाळ्या पडल्या. खरंच पडल्या. मागच्या बाकड्यावरून एक जण ओरडला, "वन्स मोअर!"

मी चिकटपट्टी ओढून काढली. सोबत नुकत्याच आलेल्या मिशा गेल्या. त्या आणायला मला दीड वर्ष लागलं होतं.

४

टिकटिकला मी सायकल स्टँडवर गाठलं.

"तू माझ्या शेजारी होतीस. दोन फुटांवर. मी होतो?"

ती कुलूप उघडत होती. किल्ली लागत नव्हती.

"नव्हतास," ती म्हणाली.

"मग सांग ना सरांना!"

"काय सांगू? तू नव्हतास म्हटलं की ते विचारणार, मग कोण?"

"मग?"

"मग मला त्याचा विचार करावा लागेल. मला नाही करायचा. सोमवारी पेपर आहे... म्हणजे प्रॅक्टिकल आहे." टिकटिकची जीभ कधी अडखळत नाही. "हे बघ, तूच होतास. सगळ्यांसाठी तेच बरं आहे."

"माझ्यासाठी?"

"तुला सवय आहे."

"आवाज कुठून आला, तेवढं तरी सांग. मागून?"

"मागून नाही." ती सायकलवर बसली. "मागे मी बघितलं."

गेली. वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी, आणि तिचं उत्तर हे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर संन्याशालाच सांगत होते की दोर तूच आण बाबा, तुला सवय आहे.

५

शुक्रवारी लॅबमामा कामावर आला. लॅबमध्ये काचा धुणारा, बाटल्या भरणारा, सगळ्यांचा मामा. दोन आठवडे मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रजेवर होता. काळा चष्मा लावून सिंकपाशी उभा राहून ब्युरेट उलटे करत होता.

मी त्यालाही सांगितलं. अपेक्षा काही नव्हती, पण आता सांगायची सवयच लागली होती.

मामानं नळ बंद केला.

"तीसला ओतलं नाहीत?"

"काय?"

"फ्लास्क. तीस झाले की ओतायचा. मी नाही का बादली घेऊन फिरत?"

मला आठवलं. दोन वर्षं आम्ही तीस म्हणायचो आणि मामाचा हात मध्ये यायचा. फ्लास्क उचलायचा, बादलीत पालथा. आम्ही वैतागायचो. रंग तरी नीट बघू दे की मामा! आम्हाला वाटायचं, त्याला घरी जायची घाई असते.

"का ओतायचा?"

"माझ्या आधीच्यानं सांगितलं, तीसला ओत."

"त्याला कोणी सांगितलं?"

"मी काय त्याची मुलाखत घेतली? ओत म्हणाला, ओततो. तेवीस वर्षं ओततोय."

"मामा, पण ते मोजतंय कोण?"

मामा चष्म्याआडून माझ्याकडे बघत होता की नाही, कळत नव्हतं. "आपण तीसपर्यंत का मोजतो?"

"तीस झाले की काम झालं म्हणून."

"मग." त्यानं नळ पुन्हा सोडला. "जो मोजतो, तो कशापर्यंत तरी मोजत असतो. त्याचा आकडा आला का? नाही आला. येऊ द्यायचा नाही. हो बाजूला, मला काचा धुवू दे."

मला मामाचाही राग आला. तेवीस वर्षं माहीत असलेली गोष्ट हा माणूस अशी सांगत होता, जशी पावसाळ्यात छत्री न्या म्हणून सांगतात. मी तिथेच ठरवलं की हे सगळे वेडे आहेत. मामा वेडा आहे, टिकटिक वेडी आहे, सर तर आहेतच. शहाणा मी एकटा, आणि सही फक्त मलाच नव्हती.

६

शनिवारी दुपारी सरांनी मला लॅबमध्ये बोलावलं. टेबलावर माझं जर्नल आणि एक कोरा कागद.

"लिही. आवाज मी काढला, चूक झाली, क्षमा असावी. खाली सही. मग मी माझी करतो."

"मी काढला नाही, सर."

"लिहायला काय जातंय?"

परत तेच. सगळ्यांना माझं काय जातंय याची पडलेली. "नाही लिहिणार," मी म्हणालो. आवाज चढला होता. "तुम्ही बघा ना. आत्ता. तुम्ही समोर बसा, मी टायट्रेशन करतो. तोंडात पाणी भरून करतो. पाणी भरलेल्या तोंडानं कोणी बोलू शकतं का? आवाज आला तर तो मी नाही हे सिद्ध, आणि तुम्ही सही करायची."

सरांनी विचार केला. "आणि नाही आला, तर तो तूच होतास हे सिद्ध. मग घरी जायचं."

"चालेल."

"मामा, तुम्ही बाहेर बसा," सर म्हणाले. मामा बादलीसकट दारात उभा होता.

"सर, तीसला—"

"बाहेर, मामा. आणि तू ऐक. फ्लास्क टाइलवर राहील. ओतायचा नाही. मला पूर्ण बघायचंय."

मामानं दार ओढून घेतलं.

त्रिकोणी फ्लास्क सगळे सोमवारसाठी काढून ठेवलेले. मला मिळाला गोल पोटाचा, सपाट बुडाचा छोटा फ्लास्क. सर समोर स्टुलावर बसले, मध्ये फ्लास्क, इकडे मी. तोंडात पाणी घेतलं. गाल फुगले. चावी सोडली. रागात होतो, तरी मी आयुष्यातलं सगळ्यात चांगलं टायट्रेशन केलं. कडेला उडालेले थेंब आत ढकलायला डिस्टिल्ड वॉटर मारत राहिलो, फ्लास्कचं पोट गच्च भरलं. शेवटच्या थेंबाला गुलाबी आला.

सरांनी एकट्यानं मोजलं. "...एकोणतीस. तीस."

बाहेर मैदानावर कोणीतरी शिट्टी मारत होतं.

"एकतीस," आवाज म्हणाला.

सर माझ्या गालांकडे बघत होते. मी भुवया उडवल्या.

"बत्तीस. तेहेतीस."

चाळीसपर्यंत सर नुसते बघत होते. पंचेचाळीसला त्यांनी मान किंचित तिरकी केली, कानाशी डास आल्यासारखी. बावन्नला म्हणाले, "बंद कर."

मी गालांकडे बोट दाखवलं.

"बंद कर म्हणतो ना." हा आवाज मी सरांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. बफर बदलत होता. "ठीक आहे. ओत ते."

मी जर्नल त्यांच्याकडे सरकवलं.

"आधी ओत!"

मी पेन उघडून जर्नलवर ठेवलं. एकसष्ट. बासष्ट. खरं सांगतो, तेव्हा मला भीती वाटत नव्हती. चार दिवस सगळ्यांनी मला खोटारडं ठरवलं होतं. टाळ्या वाजवल्या होत्या. मिशा गेल्या होत्या. आता त्यांनी ऐकावं. पोटभर ऐकावं. रंग उडत का नाही, हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही. गुरुवारी शेहेचाळीसला उडाला होता. आज तो उलट गडद होत होता, आणि मी वर एक थेंबही टाकला नव्हता.

सरांनी पेन घेतलं. सही केली. तारीख टाकायला त्यांना तीन प्रयत्न लागले.

मी पाणी गिळलं आणि फ्लास्क उचलायला खाली वाकलो.

पाणी भरलेल्या गोल काचेतून पलीकडचं उलटं दिसतं. हे काही नवीन नाही, फिजिक्समध्ये आहे. त्या गुलाबी गोळ्यात अख्खी लॅब होती, बोटाएवढी, उलटी. पंखा तळाला. खिडक्या उलट्या. स्टुलं वरून लोंबणारी. सर इवलेसे, डोकं खाली.

आणि सरांना लागून एक जण सरळ उभा होता.

पाय खाली, डोकं वर. मी एकदा ताडून पाहिलं. सगळं उलटं, तो सरळ. उलट्या चित्रात जो सरळ दिसतो, तो खोलीत कसा असेल, हे काढायला बारावीसुद्धा लागत नाही. त्याचं तोंड सरांच्या कानाला जवळजवळ टेकलेलं होतं, आणि हलत होतं.

बुधवारी मी सगळी लॅब शोधली होती. वर पाहिलं नव्हतं. आताही पाहिलं नाही.

"त्र्याण्णव," आवाज म्हणाला. "चौऱ्याण्णव."

थांबला.

"पंच्याण्णव," सर म्हणाले.

त्यांच्याच आवाजात. फक्त कंटाळलेल्या. "शहाण्णव. सत्त्याण्णव." डोळे फ्लास्कवर, हात मांडीवर, चेहरा नेहमीसारखा ढिम्म. पुन्हा बफर.

"सर?" मी म्हणालो. "सर, मी ओतू?"

"अठ्ठ्याण्णव."

त्यांनीच सांगितलं होतं, ओतायचा नाही. मी जर्नल उचललं, दोन्ही हातांनी, आणि मान खाली घालून दारापर्यंत गेलो.

७

मामा बादली उलटी करून तिच्यावर बसला होता.

"झालं?"

"झालं." मी त्याला सही दाखवली.

"आणि सर?"

"मोजतायत."

मामानं काळा चष्मा काढला. एक डोळा लाल होता, पाणी वाहत होतं. दार मी नीट लावलं नव्हतं. आतून ऐकू येत होतं, शांत, एकसारखं. "एकशे एकेचाळीस. एकशे बेचाळीस."

"तू ओतलास ना?"

"ते म्हणाले, ओतायचं नाही."

"आधी म्हणाले. नंतर काय म्हणाले?"

मी सहीवर फुंकर मारली.

मामा उठला. बादली सरळ केली, हातात घेतली, दारापाशी गेला. फटीतून आत बघितलं. आधी समोर. मग हळूहळू त्याची मान वर जायला लागली आणि अर्ध्यातच त्यानं ती खाली ओढली. बादली जमिनीवर ठेवली.

"बाळा," तो म्हणाला, "तू जा आत. मला नीट दिसत नाही अजून. दोन पावलं आहेत. उचलायचा आणि पालथा करायचा. बघायचं नाही, ऐकायचं नाही. सोपं आहे. मी तेवीस वर्षं करतोय."

"तुम्हीच करा मग."

"अरे, तुझे सर आहेत ते!"

"चार दिवस मी सांगत होतो," मी म्हणालो. "एकानं तरी ऐकलं?"

"एकशे साठ," सर आतून म्हणाले. "एकशे एकसष्ट."

मामानं माझा दंड धरला आणि मला दाराकडे ढकललं. मी ओरडलो, "अहो, हळू!" आणि जर्नल छातीशी धरून बाजूला सरकलो. शाई ओली होती. पुसली गेली असती, तर दुसरी सही कोण देणार होतं?